घरचा बोटींचा कारखाना विकायची वेळ आलीय, सरकारी ऑर्डरी अर्धवट आहेत. सल्ला हवा

हिंगणा_रोड | ३ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

हिंगणा एमआयडीसीत आमचा फायबरच्या बोटींचा कारखाना आहे. नागपुरात कसल्या बोटी, असं लोक विचारतात, पण भंडारा-गोंदियाचे तलाव, वैनगंगा, पेंच, गोसेखुर्द हे सगळं आमच्या अंगणातच आहे. आजोबा लाकडी डोंगे करायचे. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, यांनी १९८७ साली फायबरचं काम सुरू केलं. आज एकोणीस माणसं आहेत. पूर आला की जिल्हा प्रशासनाला लागणाऱ्या बचाव बोटी, जलाशयांवर गस्तीच्या बोटी, मच्छीमार संस्थांच्या बोटी. थोड्या बागेतल्या पेडल बोटीही करतो. पण घर चालतं ते सरकारी कामावर.

मोठे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या जागी त्यांची बायको, आमची मोठी आई, भागीदार आहे. बाबा ७१ वर्षांचे. भाऊ पुण्याला नोकरीत रमलाय, तो येणार नाही हे त्याने स्पष्ट सांगितलं. टेंडरचं, बँकेचं, बिलांचं काम मी बघते.

फेब्रुवारीत मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून विचारणा आली. रक्कम चांगली आहे, खोटं कशाला बोलू. त्यांना आमचे साचे, आमची अनुभवाची प्रमाणपत्रं आणि हातातल्या दोन्ही ऑर्डरी हव्यात. एक आठ बचाव बोटींची, दुसरी सहा गस्तीच्या बोटींची. साठ टक्के पैसे आधी, चाळीस टक्के या चौदा बोटी सरकारने स्वीकारल्यावर. बाबांनी तीन वर्षं सल्लागार राहायचं. माणसांबद्दल आणि शेडबद्दल मात्र ‘नंतर बघू’.

आमच्या प्रत्येक बोटीला मागच्या आडव्या फळीवर एक पितळी प्लेट असते. कारखान्याचं नाव, बोटीचा नंबर, साल, फोन. रिवेट बाबा स्वतः मारतात. दहा वर्षांपूर्वीच्या बोटीसाठी गडचिरोलीहून फोन येतो आणि ते नंबर ऐकून सांगतात की ती कोणत्या साच्यातली. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “या कागदांवर सही केली तर प्लेटवर कोणाचं नाव राहील?” मला उत्तर देता आलं नाही.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा. नेमकं काय विकलं जातंय, हेच मला कळेनासं झालंय.

सीए_धरमपेठ | ३ मे, रात्री ११:२५

ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे, तिथूनच सुरू करतो.

तुमची भागीदारी संस्था आहे, म्हणजे शेअर विकून मोकळं होता येत नाही. अख्खा धंदा एकरकमी विकायचा, ज्याला आम्ही स्लम्प सेल म्हणतो, हा सरळ मार्ग. धंदा तीन वर्षांहून जुना असल्यामुळे नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा साडेबारा टक्के कर लागेल, वर अधिभार वगैरे. चालू धंदा म्हणून विकला तर जीएसटी लागत नाही. तेच साचे आणि यंत्रं सुटी विकली तर लागतो.

आता सरकारी ऑर्डरींचं. ऑर्डर तुमच्या संस्थेच्या नावावर आहे. ती दुसऱ्याच्या नावावर करायला खात्याची लेखी परवानगी लागते, आणि ही अट बहुतेक सगळ्या करारांत असते. परवानगीआधी काम त्यांच्याकडे गेलं तर खातं ऑर्डर रद्द करू शकतं, कामासाठी तुमच्या बँकेने दिलेली हमी जप्त करू शकतं, पुढच्या टेंडरना बंदी घालू शकतं. परवानगी मिळाली तर खातं, तुम्ही आणि ती कंपनी असा त्रिपक्षीय करार करायचा.

बँक हमीसाठी तारण काय आहे, ते आधी सांगा.

हिंगणा_रोड | ३ मे, रात्री ११:४१

मुदत ठेव, आणि राहतं घर.

सीए_धरमपेठ | ४ मे, सकाळी ७:१०

म्हणूनच रात्रभर थांबलो, नीट लिहावं म्हणून.

कारखाना त्यांचा झाला आणि हमी तुमच्याच नावावर राहिली, तर बोट ते करणार आणि तिच्यात दोष निघाला तर घर तुमचं जाणार. ताबा द्यायच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बँकेची हमी खात्याकडे दिली पाहिजे आणि तुमची मूळ हमी सुटून तुमच्या हातात आली पाहिजे. ‘महिन्याभरात बदलून देऊ’ असं कोणी म्हटलं तर सही करू नका. आधी दिलेल्या बोटींच्या दोषदायित्वाचा काळ, म्हणजे दोष निघाला तर तुम्हीच दुरुस्त करून द्यायचा काळ, चालू असेल तर ती जबाबदारी कोणाकडे, तेही लिहून घ्या.

एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, मालकीचा नसतो. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क दोन्ही लागतं.

आणि चाळीस टक्क्यांचं ऐका. बोटी स्वीकारल्या जाणं तेव्हा तुमच्या हातात नसेल. ज्यावर तुमचा ताबा नाही त्यावर तुमचे पैसे अडकवू नका.

काठोकाठ | ४ मे, सकाळी ९:०२

मी अंबाझरी लेआउटला राहतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरू शकत नाही. तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी घरात शिरलं. आईला पलंगावर, पलंग विटांवर, असं करत आम्ही वर वर सरकत होतो. बचाव पथकाची बोट गल्लीत आली तेव्हा उजाडलं होतं. एका गाडीच्या बोनेटला ती जोरात घासली, मी ओरडलोच की फाटली. जवान म्हणाला, “काही होत नाही काका, आजींना द्या.” ती बोट कोणाची होती मला माहीत नाही. पण कोणीतरी ती नीट केली होती.

विका किंवा नका विकू, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. फक्त ज्याला द्याल तो ती तशीच करेल का, हे बघा.

व्यवहारी | ४ मे, दुपारी १:३०

वरच्यांच्या भावनेचा आदर आहे, पण मी विका म्हणेन.

माझा बुटीबोरीत फॅब्रिकेशनचा धंदा होता, ग्राहक एकच, सरकारी. बिल सात-सात महिने अडकायचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं, असा २००६ चा कायदा आहे. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करतो? मी केली नाही. शेवटी यंत्रं बँकेने नेली. चांगला भाव देणारा दारात आला होता तेव्हा मी विकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

फायबरच्या बोटीला लागणाऱ्या रेझिनचा भाव कच्च्या तेलाबरोबर वर जातो, तुमचा टेंडरचा दर मात्र जागेवरच. बाबा ७१ चे. थांबून काय मिळणार?

जुना_खलाशी | ४ मे, रात्री ९:१५

नौदलात बावीस वर्षं काढली, आता मानेवाड्याला असतो. जहाजबांधणीच्या धंद्यात सरकार हे गिऱ्हाईक म्हणून कसं असतं, यावर थोडं लिहितो.

आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९१९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ जहाज घेतलं आणि ५ एप्रिलला ते मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. पुढे त्यांच्या सिंदिया कंपनीने विशाखापट्टणमला जहाज कारखाना काढला. जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली. मार्च १९४८ मध्ये ‘जल उषा’ पाण्यात उतरलं, पंडित नेहरूंच्या हस्ते. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. एवढं मोठं स्वप्न, आणि १९५२ मध्ये दोन तृतीयांश हिस्सा सरकारकडे गेला, नाव हिंदुस्थान शिपयार्ड झालं. १९६१ मध्ये उरलेलाही गेला. जहाज बांधायला लागणारा पैसा आणि वेळ इतका असतो की पाठीशी सरकार नसेल तर खासगी मालकाचा दम सुटतो, आणि सरकार पाठीशी आलं की हळूहळू तेच मालक होतं.

अलीकडचं गुजरातच्या पिपावावच्या खासगी गोदीचं बघा. २०११ मध्ये नौदलाच्या पाच गस्ती नौकांचं काम मिळालं. २०१५-१६ मध्ये कारखाना अनिल अंबानींच्या समूहाकडे गेला. पहिल्या दोन नौका पाण्यात उतरायला जुलै २०१७ उजाडला. जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, नौकांची ऑर्डर गेली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या मालकाच्या योजनेला मंजुरी मिळाली. गोदी तीच, क्रेन त्याच. नौदलाला मात्र नौका मिळाल्या नाहीत. मालक बदलणं आणि काम पुढे चालू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

एक तिसरी वाटही आहे. जर्मनीत ल्युर्सेन घराणं १८७५ पासून जहाजं बांधतं. त्यांनी २०२५ मध्ये युद्धनौकांचा भाग राइनमेटल कंपनीला विकायचं ठरवलं आणि यॉटचा धंदा स्वतःकडे ठेवला. सगळंच विकावं लागतं असं नाही.

वैनगंगा | ५ मे, सकाळी ६:४८

ताई मी पवनीकडला. आमच्या संस्थेकडं तुमच्याच कारखान्याच्या चार बोटी आहेत, पितळी प्लेट पाहूनच ओळखलं. धागा वाचून रायलो कालपासून.

मागच्या साली एका बोटीले खुट्यानं छेद पडला. तुमच्या बाबाले फोन केला तं दुसऱ्या दिवशी दोन पोट्टे येऊन गेले, दुपारपर्यंत बोट पाण्यात. मुंबईच्या कंपनीले फोन करन तं कोन उचलन? एक नंबर दाबा, दोन नंबर दाबा. तवरक आमचा हंगाम जाते. विका बापा, पन दुरुस्तीवाले पोट्टे विकू नका.

किनारपट्टी | ५ मे, सकाळी १०:२०

मी मूळचा कोकणातला, बायकोचं माहेर नागपूर म्हणून इथे. एका खासगी यार्डात अकरा वर्षं वेल्डर होतो. यार्ड एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं तेव्हा आम्हालाही ‘नंतर बघू’ म्हणाले होते. दोन वर्षांनी गेटला कुलूप. पुढे अवसायनात, म्हणजे कंपनी मोडीत काढताना, चोवीस महिन्यांपर्यंतचा थकीत पगार तारणदार बँकांच्या बरोबरीने मिळतो असा कायदा आहे, पण फॉर्म भरा, पुरावे द्या, वर्षानुवर्षं वाट बघा. माझ्या बाजूला काम करणारा माणूस त्यात गेला.

ताई, करारात हे लिहून घ्या: नोकरी सलग धरली जाईल, पगार-रजा आत्तापेक्षा कमी होणार नाहीत, आणि जुन्या वर्षांची ग्रॅच्युइटी नवा मालक देईल. हे नसेल तर विकायच्या आधी तुम्ही त्यांचा हिशोब चुकता करा.

हिंगणा_रोड | ५ मे, रात्री ११:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगा दादा, तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

व्यवहारी, तुमचं दुःख कळतंय. तुम्ही म्हणता तसा आमचाही एका खात्याकडे मोठा पैसा अडकलाय, तक्रार आम्हीही केलेली नाही.

पण ‘थांबून काय मिळणार’ हे वाचल्यावर आज पहाटे साडेचारला बाबांबरोबर कारखान्यात गेले. मे महिन्यात आमचं काम पहाटेच सुरू होतं. नागपूरच्या उन्हात रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर घातलं की ते पाच-सात मिनिटांत जेलीसारखं होतं, फायबरची मॅट भिजायच्या आत. म्हणून पाच ते साडेआठ एवढ्यातच काम, तेही हार्डनर कमी करून. किती कमी, याचा तक्ता आहे भिंतीवर. पण आमचे फोरमन काका तक्ता बघत नाहीत. ते साच्याला उलटा हात लावतात, तळवा नाही, बोटांची मागची बाजू, आणि सांगतात, “आज एक झाकण कमी.” मग चौघं जण साच्यात वाकतात, रोलर मारत हवेचा एकेक बुडबुडा काठाकडे ढकलतात. एखादा राहिला तर तिथे पापुद्रा सुटतो, आणि तो कळतो तीन वर्षांनी, बोट दगडाला लागली की.

प्रमाणपत्रावर असं लिहिलंय की या संस्थेने इतक्या बोटी केल्या आणि त्या समाधानकारक आहेत. ते कंपनी विकत घेतेय. ते ज्यामुळे समाधानकारक झालं, ते मात्र त्यांच्या यादीतच नाही. मला काय खुपत होतं ते आज कळलं.

सक्करदरा_काकू | ६ मे, सकाळी ११:१५

सगळं वाचलं ग बाई. एक विचारू? टेंडर तू बघतेस, बँक तू बघतेस, पहाटे साडेचारला तू जातेस. भाऊ येणार नाही हे तू लिहिलंस. तू चालवणार का, हे कोणी विचारलं का तुला? आणि तुझ्या मोठ्या आईला?

हिंगणा_रोड | ६ मे, दुपारी १२:०३

नाही काकू. कोणीच नाही.

सीए_धरमपेठ | ६ मे, दुपारी ४:४०

काकूंच्या प्रश्नाला जोडून. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतली २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते, त्या पंचविसातले ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून. भागीदारीत महिलांचा वाटा किमान ५१ टक्के हवा. तुमची मोठी आई आधीच भागीदार आहे, तुम्ही आलात तर ते गणित जुळतं. राज्याच्या खात्यांचे नियम वेगळे, तेही बघू. पण नुसतं कागदावर करू नका, खरोखर चालवणार असाल तरच.

उलट बाजूही लिहितो. मोठ्या कंपनीत धंदा विलीन झाला की लघु उद्योगाचा दर्जा जातो, अनामत रकमेतली सूटही जाते. म्हणजे त्यांना तुमच्या अनुभवाचा उपयोग आहे, तुमच्या दर्जाचा नाही. त्यातही जुन्या संस्थेचा अनुभव नव्या मालकाला धरायचा की नाही, हे प्रत्येक टेंडरच्या अटींवर असतं. हे त्यांनाही माहीत असणार, म्हणूनच बाबा तीन वर्षं सोबत हवेत. बोलणी करताना लक्षात ठेवा, तुमची बाजू वाटते तेवढी दुबळी नाही.

व्यवहारी | ६ मे, संध्याकाळी ६:१२

हा विचार मी केला नव्हता. तरी म्हणेन, चालवायचं असेल तर आधी अडकलेले पैसे मागा. व्याजासकट मागा. मी जे केलं नाही ते तुम्ही करा. तक्रारीचा मसुदा माझ्याकडे पडून आहे, व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

जुना_खलाशी | ६ मे, रात्री ८:३०

बाबांना माझा नमस्कार सांगा. चौदा बोटी पावसाआधी द्यायच्या असतील तर त्या आधी पूर्ण करा, सही नंतर. जहाज मध्यावर असताना कप्तान बदलत नाहीत.

हिंगणा_रोड | ११ जून, रात्री १०:०५

महिनाभर गायब होते, माफ करा. काय झालं ते लिहिते.

मोठी आई, बाबा आणि मी, तिघं बसलो. मोठी आई आजवर जिथे दाखवाल तिथे सही करायची. या वेळी तिने सगळी कागदं स्वतः वाचली, दोन दुपारी लागल्या. मग म्हणाली, “हे गेल्यावर दोन वर्षं मी दर महिन्याला पगारपत्रकावर सही करते. एकोणीस नावं मला पाठ आहेत. ती यात कुठं दिसत नाहीत.” त्यानंतर बोलणी तिनेच केली म्हटलं तरी चालेल.

मी चालवू शकते का, हेही बोललो. प्रामाणिकपणे सांगते, संपूर्ण सरकारी कामाचा भार, घर तारण ठेवून, एकटीने पेलायची माझी तयारी नाही. हे कबूल करायला मला आठवडा लागला. पण दुरुस्ती आणि पेडल बोटी मी चालवू शकते, आणि ते मला हवंय.

मग कंपनीसमोर आम्ही आमच्या अटी ठेवल्या. चौदा बोटी आमच्या नावाने, आमच्या हमीवर पूर्ण होतील, विक्रीत त्या नाहीत. बचाव आणि गस्तीच्या बोटींचे साचे आणि ते काम त्यांचं. सोबत जाणाऱ्या चौदा माणसांची नोकरी सलग, ग्रॅच्युइटीसकट, आणि किमान पाच वर्षं हिंगण्याच्याच शेडमध्ये. जुन्या बोटींच्या दुरुस्तीचं काम, त्यातली पाच माणसं आणि पेडल बोटी आमच्याकडे. चाळीस टक्क्यांची अट काढली. त्यांनी रक्कम खाली आणली, पाच वर्षांची तीन केली. बाकी मान्य झालं. फोरमन काकांनी त्यांच्याकडे जायचं ठरवलं, बाबांनी स्वतः सांगितलं जा म्हणून. कच्चा करार झालाय, एमआयडीसीच्या परवानगीची वाट बघतोय. सीए दादांनी एकही रुपया न घेता मसुदा दोनदा तपासून दिला.

व्यवहारी, तक्रार दाखल केली. सुनावणीची तारीख मिळाली आहे.

किनारपट्टी, सलग नोकरीचं तुमचं वाक्य करारात जवळपास जसंच्या तसं आहे.

वैनगंगा दादा, फोन नंबर तोच राहील. उचलणार मी.

परवा बचाव बोटींची तपासणी झाली. बोट काठोकाठ पाण्याने भरायची, वर वजन ठेवायचं, आणि ती तरंगत राहिली पाहिजे. आठही राहिल्या. गस्तीच्या सहा पुढच्या आठवड्यात.

तपासणीहून परतताना बाबा आणि मी इतवारीत प्लेटवाल्याकडे गेलो. तो दर खेपेला शंभरच्या हिशोबाने प्लेट करून देतो, तेवढा भाव कमी पडतो. त्याने सवयीने वही काढली आणि विचारलं, “शंभर ना?” बाबांनी चौदाच सांगितल्या.